विद्यार्थी मंडळाचा कारभार आणि शिस्त: कोल्हापुरात नव्याने दाखल झालेल्यांसाठी मार्गदर्शक

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात किंवा शहरातील एखाद्या महाविद्यालयात प्रवेश घेतला की पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच तीन-चार मंडळांची बोलावणी येतात. वाङ्मय मंडळाला सूत्रसंचालक हवा असतो, गिर्यारोहण करणाऱ्यांना धडधाकट पोरे हवी असतात, वसतिगृहाच्या मेस कमिटीला हिशेब लिहिणारा कोणीतरी हवा असतो, आणि विद्यार्थी संघटनांची सभासद नोंदणी तर प्रवेशाच्या रांगेपासूनच सुरू होते. सभासद होणे सोपे असते. मात्र वर्षभरात केव्हातरी पैशावरून, पदावरून किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरील एखाद्या मजकुरावरून वाद उभा राहतो आणि त्या वेळी कोणाला काय करण्याचा अधिकार आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ज्यांच्यावर सचिव, खजिनदार किंवा वर्ग प्रतिनिधीची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे, त्यांना मंडळाचा कारभार आणि शिस्त यांची कामे कोणत्या क्रमाने करावीत हे कळावे, यासाठी हा लेख आहे.

आपले मंडळ कोणत्या जातकुळीचे आहे, हे आधी ठरवा

सगळ्या मंडळांना एकच नियम लागू होत नाही, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. विद्यार्थी परिषद ही कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे. तिची रचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९९ मध्ये दिलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांनी सभा घेऊन ती बदलता येत नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, तरी प्रत्यक्ष निवडणुका वारंवार लांबणीवर पडत गेल्या. त्यामुळे परिषदेच्या बाबतीत मागच्या वर्षी काय झाले होते यावर विसंबून न राहता, विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाचे चालू वर्षाचे परिपत्रक हातात घेऊनच पुढे जावे.

महाविद्यालयांतर्गत मंडळे, म्हणजे वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, छायाचित्रण किंवा नाट्य विभाग, ही प्राचार्यांच्या परवानगीने आणि प्रभारी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालतात. त्यांचा अधिकार उसना असतो. प्राचार्यांनी दिलेल्या मर्यादेतच त्यांना निर्णय घेता येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक तर मंडळही नव्हे. १९६९ मध्ये सुरू झालेली ती शासनाची योजना आहे आणि तिथे कार्यक्रम अधिकाऱ्याचा शब्द चालतो. राजकीय विचारांच्या विद्यार्थी संघटनांची आपापली घटना आणि जिल्हा-राज्य पातळीवरील कार्यकारिणी असते, म्हणून अशा संघटनेच्या शाखेतील कारवाई त्या घटनेप्रमाणेच व्हावी लागते.

उरतात ती नोंदणीकृत मंडळे. माजी विद्यार्थ्यांसह काही मंडळी एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करतात. त्यासाठी किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होत असल्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. पदवीच्या तीन वर्षांत मंडळ चालवू पाहणाऱ्यांनी हा उद्योग विचार करूनच अंगावर घ्यावा, कारण नोंदणी करणारे पास होऊन पुण्या-मुंबईला जातात आणि कागदोपत्री तेच वर्षानुवर्षे पदाधिकारी राहतात.

कोल्हापुरात आणखी एक प्रकार आहे व त्याची मुळे जुनी आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंगे या शहरात उभी राहिली. शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यावरूनच. आजही अनेक वसतिगृहांत भाजीची खरेदी, आचाऱ्याचा पगार आणि महिन्याचे बिल हे विद्यार्थ्यांची मेस कमिटीच पाहते. कारभार शिकायला याहून चांगली जागा नाही असे माझे मत आहे, कारण तिथे चुकलेला हिशेब रात्रीच्या आमटीत दिसतो.

घटना मागून घ्या आणि ती वाचा

पद स्वीकारण्यापूर्वी मंडळाची घटना किंवा नियमावली मागावी. पुष्कळ ठिकाणी ती नसते किंवा ‘मागच्या सचिवांकडे आहे’ असे उत्तर मिळते. नसेल तर दोन-तीन पानांची का होईना, ती लिहून सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी आणि महाविद्यालयीन मंडळ असेल तर प्राचार्यांची त्यावर सही घ्यावी. सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, पदे कोणती व त्यांची मुदत किती, निवड कशी होते, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, पैसे कोणाच्या सहीने निघतात, आणि घटना बदलायची असेल तर किती बहुमत लागते, हे त्यात यायलाच हवे. उद्दिष्टांची लांबलचक यादी नसली तरी काही बिघडत नाही.

शिस्तीचे कलम मात्र सविस्तर असावे आणि ते कोणताही वाद नसताना लिहावे. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला नियम हा समोरच्या माणसाचे तोंड पाहून लिहिलेला असतो, आणि तो मागच्या तारखेने लागू करणे तर उघड अन्याय आहे. कोणते वर्तन गैरवर्तन मानले जाईल, तक्रार कोणाकडे करायची, चौकशी कोण करील, कोणत्या शिक्षा देता येतील आणि अपील कोणाकडे, या पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. ‘मंडळाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे वर्तन’ असे एकच गोलमाल वाक्य घालून मोकळे होण्याचा मोह होतो, पण त्या वाक्यात अध्यक्षाला न आवडणारा प्रश्न विचारणाराही सापडू शकतो.

निवडणूक घेणार असाल तर लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचाव्यात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२, किमान ७५ टक्के हजेरी, प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरना बंदी, संपूर्ण प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण करणे आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब देणे, अशा त्या आहेत. त्या विद्यार्थी परिषदांसारख्या प्रातिनिधिक संस्थांसाठी असल्या तरी हजेरीची आणि खर्चाची अट लहान मंडळानेही उचलायला हरकत नाही.

सभा अशी घ्या की इतिवृत्त लिहिता येईल

सहकारी दूध संस्थेची किंवा साखर कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या कोल्हापूरकराला सभेचे शब्द शिकवावे लागत नाहीत. विषयपत्रिका, गणसंख्या, सूचक, अनुमोदक, आयत्या वेळचे विषय हे सगळे घरी कानावर पडलेले असते. दुर्दैवाने त्याबरोबर ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांचा गलका करून पाच मिनिटांत सभा उरकण्याची पद्धतही कानावर पडलेली असते, आणि ती मात्र घरीच ठेवावी. मतदान हात वर करून घ्यावे, बाजूची, विरुद्ध आणि तटस्थ मते मोजावीत आणि ते आकडे लिहावेत.

नोटीस किमान सात दिवस आधी, विषयपत्रिकेसह, ग्रुपवर आणि सूचना फलकावर अशी दोन्हीकडे द्यावी. सभेच्या सुरुवातीला मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावे. गणसंख्या नसेल तर अर्धा तास सभा तहकूब करून नंतर त्याच विषयांवर ती घेता येते, पण तशी तरतूद घटनेत असेल तरच. आणि तहकूब सभेत कोणाला काढून टाकण्याचा विषय घेऊ नये, कारण वीस जणांच्या अनुपस्थितीत सहा जणांनी केलेली हकालपट्टी कोणी मानत नाही. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली तर शिस्तभंगाचा विषय कधीच आणू नये.

इतिवृत्तासाठी पानांना क्रमांक घातलेली बांधीव वही वापरावी. प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचकाचे व अनुमोदकाचे नाव, मतांचे आकडे आणि शेवटी अध्यक्ष व सचिव यांच्या सह्या एवढे असले की पुरे. कोण काय बोलले याचे कीर्तन लिहू नये, मात्र एखाद्या सभासदाने ‘माझा विरोध नोंदवा’ असे म्हटले तर तो नोंदवणे सचिवावर बंधनकारक समजावे.

पैसा वैयक्तिक खात्यात घेऊ नका

शिस्तभंगाच्या बहुतेक तक्रारी पैशापाशी येऊन थांबतात, आणि त्यांतील अनेकांत चोरी नसून निष्काळजीपणा असतो. खजिनदाराच्या स्वतःच्या फोन पे वर वर्गणी आली, त्याच खात्यातून त्याने मेसचे पैसे भरले, महिन्याच्या शेवटी मंडळाचे किती आणि आपले किती हे त्यालाही सांगता येईना, असे घडते. महाविद्यालयीन मंडळाने पैसे कार्यालयात पावती घेऊन भरावेत, तर नोंदणीकृत मंडळाने स्वतःच्या नावाचे बँक खाते दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे. प्रत्येक खर्चाला व्हाउचर असावे. चहावाला किंवा टेम्पोवाला छापील पावती देत नसेल तर साध्या कागदावर रक्कम, तारीख, कारण आणि त्याची सही घ्यावी. कॅशबुक त्याच दिवशी लिहावे आणि कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांत हिशेब सभेपुढे ठेवावा.

तक्रार आल्यावर पहिला प्रश्न: हे आपले काम आहे का?

मंडळाने सभासदाला जे दिले आहे तेच ते काढून घेऊ शकते: सभासदत्व, पद, पुढच्या कार्यक्रमातील सहभाग, मंडळाच्या साहित्याचा वापर. हजेरी, परीक्षा, हॉल तिकीट, वसतिगृहातील खोली यांना हात लावण्याचा अधिकार मंडळाला नाही. तालमीत वस्तादाने एकदा सांगितले की विषय संपतो, पण विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष वस्ताद नव्हे. म्हणून ‘तुझे करिअर बघतो’ छापाची भाषा वापरणारा पदाधिकारी स्वतःच शिस्तभंग करीत असतो.

काही तक्रारी मंडळाने हाताळूच नयेत. रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ लागू आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी तक्रार ‘मंडळातल्या मंडळात मिटवू’ म्हणून दाबणारे पदाधिकारी स्वतःवर संकट ओढवून घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची रॅगिंगविरोधी मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे. सहलीला नेलेल्या नव्या पोरांकडून ‘गंमत म्हणून’ काही करून घेणे हेही रॅगिंगच ठरू शकते, हे मोहीम काढणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडेच जावी. २०१३ चा कायदा आणि आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायची असते. अशा प्रकरणात मंडळाने ‘दोघांना समोरासमोर बसवून’ चर्चा घडवणे, साक्षी नोंदवणे किंवा तक्रारदार मुलीचे नाव सभेत घेणे पूर्णपणे टाळावे. तिला समितीपर्यंत सोबत करणे, आणि तिची इच्छा असेल तर चौकशी होईपर्यंत संबंधिताला तिच्याबरोबरच्या कामातून बाजूला ठेवणे, एवढेच मंडळाने करावे. मारामारी, धमकी, जातिवाचक शिवीगाळ किंवा मोठ्या रकमेचा अपहार असेल तर तेही प्राचार्य आणि पोलीस यांच्याकडे जावे.

उरलेल्या तक्रारींची चौकशी कशी करावी

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, गिर्यारोहण मंडळाने पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम काढली. बेचाळीस जणांनी वर्गणी भरली, मोहीम पार पडली, पण महिना उलटला तरी हिशेब आला नाही. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली आणि एका सभासदाने सचिवाकडे लेखी तक्रार दिली. इथे पहिली चूक हमखास होते ती ही की, रात्री अकरा वाजता कोणीतरी खजिनदाराला ग्रुपमधून काढून टाकतो. ग्रुपमधून काढणे ही शिक्षाच आहे, आणि ती चौकशीपूर्वी दिली गेली की पुढची सगळी चौकशी नाटक ठरते.

तक्रार लेखी आणि सहीची असावी. सचिवाने तिच्यावर आवक क्रमांक व तारीख घालून तक्रारदाराला पोच द्यावी. निनावी चिठ्ठीवर कारवाई करू नये, मात्र त्यात कागदपत्रांचा उल्लेख असेल तर ती कागदपत्रे तपासायला हरकत नाही. त्यानंतर तिघांची चौकशी समिती नेमावी. तक्रारदार, साक्षीदार किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याचा खोलीमित्र तीत नसावा. कोल्हापुरातील वसतिगृहांत चंदगड, शाहूवाडी, गडहिंग्लज अशी तालुक्यांची दाट मैत्री असते. तिघेही एकाच गावाकडचे असले तर ते कितीही सरळ असोत, निकालावर विश्वास बसत नाही. तक्रार अध्यक्षाविरुद्ध असेल तर त्या विषयापुरते सभेचे अध्यक्षपद उपाध्यक्षाकडे द्यावे.

मग कारणे दाखवा नोटीस. तीत आरोप असा लिहावा की वाचणाऱ्याला नेमके उत्तर देता यावे. ‘आपण पैशाचा गैरव्यवहार केला आहे’ हा आरोप नव्हे, तो निकाल आहे. नमुना असा असू शकतो:

“मोहिमेसाठी ४२ सभासदांकडून प्रत्येकी ६५० रुपयांप्रमाणे एकूण २७,३०० रुपये आपल्याकडे जमा झाल्याचे पावतीपुस्तकावरून दिसते. त्यापैकी १९,८५० रुपयांची व्हाउचरे आपण सादर केली असून उर्वरित ७,४५० रुपयांचा हिशेब घटनेतील कलमानुसार पंधरा दिवसांत सादर झालेला नाही. याबाबत आपले लेखी म्हणणे ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत द्यावे. आपणास समितीसमोर प्रत्यक्ष हजर राहून बाजू मांडता येईल, सोबत एक सहकारी आणता येईल व पावतीपुस्तक पाहता येईल.”

या नोटिशीत ‘चोरी’, ‘अफरातफर’ यांपैकी एकही शब्द नाही. ती हातात देऊन पोच घ्यावी, घेण्यास नकार दिल्यास दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तशी नोंद करावी आणि ई-मेलनेही पाठवावी. ग्रुपवर टाकू नये. परीक्षेचे दिवस असतील तर मुदत वाढवून द्यावी.

चौकशीत आधी तक्रारदाराचे, मग साक्षीदारांचे आणि शेवटी ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकावे. आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले हे त्याला कळल्याशिवाय त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा करू नये. समजा, आपल्या उदाहरणातील खजिनदाराने सांगितले की परतीच्या बसवाल्याला आयत्या वेळी ६,००० रुपये रोख दिले आणि पावती घ्यायची राहिली. समितीने बसवाल्याला फोन करून खातरजमा करावी आणि कोणी, केव्हा फोन केला हे लिहावे. त्याने ६,००० मिळाल्याचे मान्य केले तर प्रश्न १,४५० रुपयांचा आणि उशिराचा उरतो. मूळ तक्रारीतील ‘सगळे पैसे खाल्ले’ हा सूर आणि हे वास्तव यांत केवढे अंतर आहे, ते कागदावर आल्याशिवाय दिसत नाही.

समितीने अहवालात तीन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात: काय सिद्ध झाले, काय झाले नाही, आणि कोणती शिक्षा सुचवली. निर्णय कार्यकारिणीने किंवा घटनेत असेल त्याप्रमाणे सर्वसाधारण सभेने घ्यावा, आणि चौकशी करणाऱ्या तिघांनी त्यावर मत देऊ नये. पदावरून दूर करण्यासाठी किंवा सभासदत्व रद्द करण्यासाठी हजर सभासदांचे दोन तृतीयांश बहुमत आणि गुप्त मतदान ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण हात वर करताना माणूस शेजाऱ्याकडे पाहतो.

शिक्षा अपराधाच्या मानाने असावी. तोंडी ताकीद, लेखी समज, रक्कम भरून देणे, ठरावीक मुदतीचे निलंबन, पदावरून मुक्तता आणि शेवटी सभासदत्व रद्द, असा चढता क्रम घटनेतच दिलेला बरा. आपल्या उदाहरणात १,४५० रुपये आठ दिवसांत भरणे, लेखी समज, आणि उरलेल्या वर्षात रोख रकमेचे काम दुसऱ्याकडे देणे एवढे पुरेसे आहे. मागे अशाच चुकीला काय दिले होते हे इतिवृत्तात पाहावे. एकाला ताकीद आणि दुसऱ्याला हकालपट्टी दिली असेल तर फरकाचे कारण ठरावात लिहावे. माफीचा व्हिडिओ करायला लावणे, उभे करणे, सर्वांसमोर कान पकडायला लावणे असले प्रकार कोणत्याही शिक्षेत बसत नाहीत.

अपील आणि दप्तर

निर्णय लेखी, कारणांसह आणि अपिलाची मुदत नमूद करून कळवावा. महाविद्यालयीन मंडळात पहिले अपील प्रभारी प्राध्यापकांकडे व नंतर प्राचार्यांकडे ठेवणे सोयीचे पडते. महाविद्यालयाच्याच निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्याची तक्रार असेल, तर आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान न झाल्यास पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. नोंदणीकृत मंडळातील वाद मात्र धर्मादाय कार्यालय किंवा न्यायालय या वाटेने जातात. तिथे वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून घटनेत आधी मध्यस्थीची एक पायरी ठेवावी.

अपिलात निर्णय फिरला तर तोही मूळ ठरावाइतक्याच ठळकपणे सभेत वाचून दाखवावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. मूळ नोंद खोडू नये किंवा पान फाडू नये. शिस्तभंगाची कागदपत्रे बंद पाकिटात, वेगळ्या फाइलमध्ये प्रभारी प्राध्यापकांकडे ठेवावीत, आणि ती किती वर्षांनी नष्ट करायची हे घटनेत लिहावे. पोरगा नोकरीला लागल्यावर त्याची जुनी लेखी समज कोणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत राहू नये.

वर्षअखेरीस, परीक्षा सुरू होण्यापूर्वी, जुन्या सचिवाने नव्या सचिवाकडे दप्तर यादीसह सोपवावे: घटना, इतिवृत्ताची वही, आवक-जावक नोंद, पावतीपुस्तके (कोरी पानेही मोजून), कॅशबुक, साहित्याची यादी, ई-मेलचा पासवर्ड आणि ग्रुपचे अॅडमिनपद. दोघांनी प्रत्येक बाबीसमोर सही करावी, आणि जे मिळाले नाही त्यापुढे ‘मिळाले नाही’ असे नव्या सचिवाने स्वतःच्या हाताने लिहावे.